वजावट

फेब्रुवारीत आम्ही दोघांनी मिळून सही केली,
ग्रंथालयाच्या तळघरात, लोकांची विवरणपत्रं
फुकट भरून देणाऱ्या एका निवृत्त मास्तरांसमोर.
त्यांनी परताव्याचा आकडा वाचून दाखवला:
तीन हजार एकशे बारा डॉलर.
ऑरव्हिल म्हणाला, घराची भट्टी.
मी म्हणाले, माझी दाढ.
ईरी सरोवरावरचा वारा त्या दिवसांत
खिडकीच्या फटीतून आत येऊन घरभर हिंडायचा,
भाडं बुडवणाऱ्या पोटभाडेकरूसारखा.

मार्च गेला. बर्फ काळं पडलं, मग चिखल.
खात्यात सहाशे चाळीस आले.

पत्र मागाहून आलं,
मयताला उशिरा पोचणाऱ्या लांबच्या नातलगासारखं.
त्यात कुणी रागावलेलं नव्हतं.
वळती केलेली रक्कम: दोन हजार चारशे बहात्तर.
कारण: अपत्याच्या पालनपोषणाची थकबाकी.
राज्य: ओहायो.
शंका असल्यास त्यांना विचारा, आम्हाला नको.

ऑरव्हिल बूट न काढताच खुर्चीत बसून राहिला.
लग्नाआधी त्यानं सगळं सांगितलं होतं मला,
म्हणजे, मुलगी आहे हे.
हप्ते थकलेत, हे नाही.

वर्षभर वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत
मी परक्या म्हाताऱ्यांच्या चादरी उकळल्या.
दर पंधरवड्याला पगारातून कापलेलं ते
माझं होतं, निदान निम्मं.
खरं तर जास्तच.
त्याची फाउंड्री जूनमध्येच बंद पडलेली.

मास्तर म्हणाले, याला एक अर्ज असतो.
कर्ज त्याचं, तुमचा वाटा तुम्हाला मागता येतो.
वर ठळक अक्षरांत छापलं होतं:
जखमी जोडीदार.
मी दोनदा वाचलं.
चार वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं,
शेवटी विचारलं ते कर खात्यानं.

मुलीचं नाव पत्रात नव्हतं.
डेलेनी, तो म्हणाला,
आणि वय सांगताना
बोटं मोजायला लागला.

दाढ ठणकत होती, मी रकाने भरले.
तिचे किती, माझे किती, कुठल्या कागदावरचे किती.
पाकिटावर तिकीट चिकटवताना वाटलं,
ओहायोत आज एखादी पोर
नवा चष्मा लावून फळा वाचत असेल.
तो मी उतरवून मागतेय का,
याला अर्जात रकाना नाही.

पाकीट अजून फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.
दूध काढताना ऑरव्हिल
दार हळूच उघडतो,
ते पडू नये म्हणून.