जाता फेरा

दोराचे दोन वेढे लाकडाभोवती,
दोन्ही टोकं माझ्या मुठीत.
उजवा हात ओढला की हळदूचा ठोकळा बापाकडे फिरायचा,
डावा ओढला की परत.
येत्या फेऱ्यात पटाशी कापायची.
जात्या फेऱ्यात ती
केसभर उचललेली असायची, नुसती.

तेवढ्यातच बाप बोलायचा.

"पुस्तकला"
छर्र
"पाय सोड"
छर्र
"अवघडला असन."

एवढं एक वाक्य पुरं व्हायला
फुलदाणीचा अर्धा गळा उतरायचा.
सिंदेवाहीच्या बाजाराला जायचं की नाही
हे ठरेस्तोवर
तळाचे तिन्ही कंगोरे निघालेले असायचे.

भुसा हळदीच्या रंगाचा, चवीला कडू.
माय तो चुलीत सारायची
आणि भात रटरटायला लागला की म्हणायची,
"फुलं झाडावर राहतेत.
त्यायले लाकडाच्या नरड्यात काहून कोंबतेत लोकं?"
उत्तर आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.
चिरलेली एक घरात राहिली.
तिच्यात कंगवा, गुंडाळलेलं पासबुक,
रेडिओचा तुटका एरियल.

पोट कोरणं हे डोळ्यांचं काम नाही.
तोंड एवढं अरुंद की अंगठा अडतो.
आकडी आत गेली की उरतो तो आवाज:
आधी दगडासारखा बंद,
मग कच्च्या बेलासारखा,
मग वाळल्या भोपळ्यासारखा.
त्याच्या पुढे अजून एक आवाज आहे,
तो ऐकू आला म्हणजे उशीर झाला.
मी तो चारदा ऐकला.
बाप एकदाही ओरडला नाही.
चारही वेळा फेरा येता होता.

मग वडशाहून मोटर आली,
पिठाच्या गिरणीतून उतरवलेली.
ती एकाच बाजूने फिरते.
तिला जाता फेरा नाही.

दिवसाला सहा उतरू लागल्या.
नागपूरचा दुकानदार म्हणाला, मोर काढा, मोर खपतो.
मी मोर काढते,
एका रांगेत बारा,
पुढच्याच्या पिसाऱ्यात मागच्याची चोच.
बुडाखाली, जिथे कुणी उलटून पाहत नाही,
तेंदूचं एक पान. ते बापाचं.

बाप दाराशी बसून
खरोटीच्या पानाने लाकूड घासतो,
जवसाचं तेल पाजतो
आणि बोलत नाही.
मला वाटलं, वय झालं.
माय म्हणाली, कान गेले मोटरीनं.

काल दुपारी लाइन गेली.
फुलदाणी अर्ध्या गळ्यावर थांबली.
डीपी जळाली, दोन दिवस धरा,
असं वायरमन सायकलवरूनच सांगून गेला.

बापाने आढ्यातून दोर काढला.
मधोमध उंदरांनी कुरतडलेला, तिथे गाठ मारली.
दोन वेढे घातले
आणि दोन्ही टोकं आपल्या मुठीत घेऊन
समोर बसला, माझ्या जागेवर.

येता. जाता.
गाठ दर फेऱ्याला लाकडावर टकटकायची.
हातांना सगळं आठवत होतं, खांद्याला नव्हतं.
दहाएक फेरे तसेच गेले.
मग मी पटाशी उचलली, तेवढ्यात

"पुस्तकला"
छर्र
मी मान वर केली नाही.
मी थांबले असते तर तोही थांबला असता.
"मोराले"
छर्र
"पाय नाही काढत तू"
छर्र
"उभा कायच्यावर राहन तो?"

फळीवरच्या फुलदाण्यांकडे पाहिलं.
सहा गुणिले बारा मोर, तेल पिऊन चकाकणारे,
आणि खरंच,
एकालाही पाय नव्हते.

जिभेवर आलेलं उत्तर
मी तसंच धरून ठेवलं.
फेरा येता होता.
पटाशी टेकवली.