बुटकी रोपं

चैत्र सरता सरता, लासूरला, शेडनेटखाली
पारा त्रेचाळीसवर,
आणि टोमॅटोची रोपं
एका रात्रीत बोटभर उंच.
मला बरं वाटलं नाही.

ही वाढ नव्हे.
उकाड्यात, दाटीत
नुसत्या माना ताणलेल्या.
सुपडूआबांनी एक ट्रे उचलला,
वारा नव्हता, तरी रोपं लवंडली.
"मान लांबी, पायमा बळ नही," म्हणाले
आणि ट्रे खाली ठेवला,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मी हाताचं कोकोपीट झटकलं,
कपाटातली छोटी बाटली काढली.
वाढरोधक.
आई दारातूनच म्हणाली,
वाढू नको म्हणून कुणी फवारतं का?
उत्तर सुचलं नाही. थेंब मोजत होते.

पहाटे साडेपाच. पंप पाठीवर,
दोन-दोन खरी पानं आलेल्या ओळी,
बारीक धुकं, तोंडाला ओढणी.
पाचव्या ओळीत फोन वाजला.
बोलून परत आले,
आणि कुठवर आले होते ते विसरले.

मग आठवडाभर काही घडलं नाही.
औषध लागू पडलं म्हणजे हेच,
काही न घडणं.
फक्त पानं काळपट हिरवी झाली,
काडी जाड, आगपेटीतल्या काडीपेक्षा जाड,
आणि दुपारी दोनला
सगळ्या ट्रेंमधली रोपं ताठ उभी.

शिरपूरहून गिऱ्हाईक आलं.
"हाई ते बुटकं शे, पोरी!"
मी एक रोप उपटून त्याच्या तळव्यावर ठेवलं.
पांढऱ्या मुळ्यांनी माती घट्ट धरलेली.
तो बराच वेळ तळवा हलवत राहिला.
चार हजार नेली, घासाघीस करून.

पाचव्या ओळीतला एक ट्रे मात्र राहिला.
दोनदा भिजलेला.
एकशे चार रोपं, महिनाभर तेवढीच.
रुसलेली म्हणावं तर रुसलेली नाहीत,
मेलेली तर नाहीतच.
विकता येईना. फेकवेना.
हौदाच्या कडेला सरकवून ठेवला.

काल सुपडूआबांनी हाक मारली.
ते उकिडवे बसले होते, जवळजवळ जमिनीला गाल लावून.
चार बोटांच्या रोपावर
एक पिवळं फूल.
कुणी काही बोललं नाही.
मी पंप धुवायला घेतला.
तीनदा धुतला.