लेखाशीर्ष

उद्योजकता कक्षात माझं टेबल झेरॉक्स मशीनला खेटून.
काचेपलीकडे पोरं 'इकोसिस्टिम' म्हणतात,
अलीकडे मी व्हाउचरांना टाचणी लावते.
सिडको ते विद्यापीठ, एकोणीस वर्षं.
एकही कागद लेखाशीर्षाशिवाय
पुढे सरकू दिला नाही.

तौसीफ अत्तार, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष.
मालेगावचा, बाप मागावर.
त्यानं नागलीचं यंत्र केलं.
अंबडला खैरनारांच्या शेडमध्ये पत्रा कापला,
ड्रम फिरला, फोटो निघाले,
सरांनी नारळ फोडला.
(नारळ: किरकोळ खर्च, पस्तीस रुपये.)

मग यंत्र सावळघाट चढून पेठकडे गेलं
आणि पहिल्याच दिवशी
निम्मा दाणा कोंड्याबरोबर अंगणात.
कोंबड्या तेवढ्या खूश.

भिवराबाई भोयेनं जाळीवरून बोट फिरवलं म्हणे.
कोणत्या नागलीवर बेतलीस रे?
रविवार कारंजाच्या दुकानातली, तौसीफ म्हणाला.
"तो बाजारचा दाना. आमचा बारीक आहा.
आन तू ओलीच भरलीस."
आणि चार दिवस ठेवून घेतलं त्याला.

चिमटीत दाणा फिरवून ओल ओळखायची.
सूप हलवायचं मनगटानं, खांद्यानं नाही.
वारा पडला की थांबायचं.
थांबणं
त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टात कुठेच नव्हतं.

तो मागाच्या खडखडाटात वाढलेला;
धागा तुटला की न बघता कळतं त्याला.
तिला सुपातल्या सळसळीवरून कळतं
खडा कुठे आहे.
तिथेच कुठेतरी जमलं असावं दोघांचं.

नवी जाळी बसली. गटाची सोळा पोती निघाली.
अहवालात सरांनी लिहिलं: लाभार्थी महिला, तेवीस.

आणि मग टपालानं हे आलं.
वहीचं पान, सुनेचं अक्षर,
खाली भिवराबाईची सही, पानभर पसरलेली,
नुकती शिकलेली सही पसरते तशी.

विद्यापीठ यांस बिल.
चार दिवस शिकवणी, रोज चारशे.
पोरगा हुशार, हात मऊ.
वाया गेलेली नागली, अकरा किलो.
जेवणाचे धरले नाहीत. ते घरचं.

सर हसले. म्हणाले, किरकोळमध्ये टाका.

मी टाकलं नाही.
किरकोळमध्ये नारळ बसतो, हार बसतो,
उद्घाटनाची कात्री बसते.
हे नाही बसत.
प्रवास? ती आलीच नाही, आपण गेलो.
उपभोग्य साहित्य? अकरा किलो, फार तर.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडाच राहिला,
भेंडीवर बोट ठेवून मी नियमावली चाळत होते.

मानधन, अतिथी व्याख्याता.
पान एकशे चार.
व्याख्यात्याचं नाव लिहिलं. विषय: नागली.
शैक्षणिक पात्रता या रकान्यापाशी पेन थांबलं.
तौसीफला फोन केला.
तो म्हणाला, मॅडम, लिहा ना, दाणा ओळखते.

लिहिलं.
निळ्या शाईत, रेघेवर, नीट.

मार्चात हिशेब तपासणी आली.
आक्षेप क्रमांक सात: पात्रतेबाबत खुलासा करावा.
खुलाशाच्या दोन ओळी झाल्यात.
तिसरीला रोज बसते, रोज उठते.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो,
तोही कधी कोणाला खुलासा देत नाही.

काल दुपारी फोन वाजला.
मागे कोंबड्या, कुणीतरी पोर रडत होतं.
बिलाचे आले, म्हणाली. अकरा किलोचे पण.
आता दुसरं यंत्र घ्यायचं गटाला, मोठं.
मी म्हणाले, अर्ज पाठवा, योजनेत बसवू.

"अर्ज नको.
आम्ही तीन कोटेशनं मागवतोय.
तुमचंही द्या.
बघू, परवडलं तर."