भराव

घर पुरात जातं, म्हणून स्वस्तात आलं.
यात लपवण्यासारखं काही नाही.
विश्रामबागेतली कोरडी जमीन
माझ्या पगाराकडं बघून नुसती हसायची,
आणि मिरजेच्या सिव्हिलमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासत
मी एकोणीस वर्षं
अकरा-अकरा महिन्यांवर सह्या केल्या.
एजंट म्हणाला, मॅडम, भिंती दीड विटेच्या आहेत,
ओलीचं तेवढं बघा.
बघितलं.
ओल छातीपर्यंत होती.

खणभागातल्या या गल्लीत
'घर किती फूट?' असं विचारलं
तर चौरस फूट कुणी सांगत नाही.
पाच साली मांडीला, म्हणतात. एकवीसला कमरेला.
एकोणीसला बोलत नाहीत,
हात उंच करून दाखवतात.

चौगुले काका हळदीच्या पेठेत तोलार होते.
रजिस्ट्रारच्या बाकावर त्यांनी माझा डीडी
तळहातावर घेतला, किंचित वरखाली केला,
आणि मग खिशात घातला.
किल्ल्या सात दिल्या. कुलपं चार.
बाकीच्या तीन कशाच्या?
'असू देत,' म्हणाले.

मौला मिस्त्री कलिंगड घेतल्यासारखा
बोटाच्या पेरानं भिंती वाजवत फिरला.
हे पोकळ. हे मेलंय. हे जगंल.
वाळवीनं खाल्लेल्या वाशात पेन्सिल खुपसली
तर ती मावेपर्यंत आत गेली,
तो काही बोलला नाही, पेन्सिल मला परत दिली.
शहाबादी फरशी उचकटली तेव्हा
सांध्यासांध्यात पिवळं निघालं,
इतके पूर येऊन गेले तरी पिवळं.
त्या दिवशी माझी चपाती हळदीची झाली.

'बाई, जमीन अडीच फूट उचलायची.
चौकटी काढून वर घेऊ. छत उंच हाय, चालतंय.
त्याबिगर मी थापीला हात लावत न्हाई.'
बजेटच्या वहीत मी मुरूम लिहिला,
आठ ट्रॉल्या,
आणि मॉड्युलर किचन खोडलं.

स्वयंपाकघरातलं लोखंडी कपाट हलवलं
तर मागं हिरव्या ऑइलपेंटवर
खिळ्यानं ओढलेल्या रेघा.
सुकुमार, पहिली. सुकुमार, चौथी. सुकुमार, आयटीआय.
राजमती, तिच्या रेघा जवळजवळ,
बहुतेक तीच दर महिन्याला उभी राहत असणार.
त्यांच्याच रांगेत, त्याच अक्षरात,
पाणी, २००५.
पाणी, २०१९, सुकुमारच्याही डोक्यावर.
पाणी, २०२१.
आणि खाली, मला वाकावं लागलं, एकच रेघ.
बेबी.
वर्ष नाही. इयत्ता नाही.
मी टेप लावला. दोन फूट चार इंच.
म्हणजे भिंतीला धरून नुकती उभी राहिलेली.

अडीच फुटांतून दोन फूट चार इंच
मी वजा केले, पुन्हा केले.
मला वजाबाकी येते.

इचलकरंजीला फोन लावला.
पलीकडं मागांचा खडखडाट,
त्यात काकांचा आवाज उंच करून बोललेला.
भिंतीवर रेघा आहेत, म्हटलं. भराव टाकतोय.
माग बराच वेळ चालत राहिले.
मग म्हणाले, 'मुरूम एकदम ओतू नका.
थर टाकायचा, पाणी मारायचं, कुदवायचा.
मग दुसरा थर.
घाई केली तर पुढं फरशी बसती.'
आणि ठेवताना, 'त्या तीन किल्ल्या फेकल्या का?'
नाही, म्हटलं.

ट्रॉली गल्लीत शिरेना, पोरांनी पाट्यांनी वाहिला.
पहिला थर घोट्याला.
पाणी मारलं, कुदवला.
दुसऱ्याला मौला थांबला, 'टाकू?'
त्यानं वाचलं होतं की नाही माहीत नाही.
मी ओट्यावर चढून उभी होते, उगीच.
म्हटलं, हळू टाका.

आता सगळेच अडीच फुटांनी बुटके झालेत.
पाच सालचा पूर फरशीखाली गेला.
एकोणीसचा माझ्या कमरेच्या जरा वर येतो,
शाळेत घालायच्या वयाचा वाटतो.
सुकुमार आयटीआयला जाऊनही
ओट्याएवढाच.

रंग अजून व्हायचाय. कपाट परत तिथंच लावलं.
सात किल्ल्या एकाच खिळ्याला.
रात्री जेवताना बातम्या लावल्या,
आयर्विनला आज एकतीस फूट.