चौसष्ट वेळा

कॅसेट एकच होती, नव्वद मिनिटांची.
लेबलवर निळ्या शाईत: आउटर सिग्नल, भुसावळ.
खाली दुसऱ्याच हस्ताक्षरात: आवाज कमी ठेवणे.
ते माझ्या वडिलांचं. इन्स्टिट्यूटचे कॅरम सेक्रेटरी.

चार गाणी. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये
नव्याण्णवच्या एका रविवारी, कॅरमवाल्यांना बाहेर काढून केलेली.
गिटार टेरेन्स डिक्रूझ, बेस सलदार तडवी,
ड्रम प्रफुल्ल सरोदे, गळा हेमा वारके.
सगळे एकवीस-बावीसचे. मी तेव्हा दुसरीत.

त्या चार गाण्यांचे मी नऊ तुकडे केले.
अल्बम म्हणायला अजून जीभ रेटत नाही.
उन्हाळाभर, लॅपटॉपवर, कूलर बंद करून,
कारण कूलरची घरघर टेपच्या घरघरीशी भांडायची.
भुसावळच्या मे महिन्यात कूलर बंद.
माझी एवढीच तपश्चर्या, ती तरी लिहून ठेवते.

टेरेन्सचे सगळे सोलो काढून टाकले.
ठेवली तारेवरून बोट सरकतानाची चिरचिर,
ती इतकी ताणली
की यार्डात मालगाडी थांबतानाचं लोखंड झाली.
मेथी निवडताना पानं टाकून देठ ठेवावेत
तशी हेमाची ओळ निवडली:
उरला शब्दाआधी घेतलेला श्वास.
तो सहा मिनिटं चालतो. शब्द येतच नाही.
आणि दुसऱ्या गाण्यात, मध्येच,
प्रफुल्लच्या हातून काठी पडते.
टक्, टकटक, मग फळीवरून घरंगळत कुठेतरी,
कोणीतरी हसतं, बहुतेक सलदार.
तेच घेतलं. चौसष्ट वेळा.

टेरेन्सला पर्थला पाठवलं. त्याचं एका ओळीचं उत्तर:
तिसऱ्यात मागे इंजिनाची शिट्टी आहे, आमची नव्हे, ती वाढव.
हेमाताईंनी अमळनेरहून कळवलं,
शब्द कुठे गेले ते विचारणार नाही,
मलाही आठवत नाहीत.
सलदारचा नंबर लागत नाही.

राहिला प्रफुल्लदादा. रावेरला गेले.
त्याचं आता केळी पिकवायचं गोदाम आहे,
जाड दार, दाराला रबर,
आत सोळा अंशांत रचलेल्या घडांचा हिरवा वास
आणि पंख्यांचा एकच सूर, काळी एकच्या किंचित खाली.
(मनात टिपून ठेवला. खोड.)

पालथ्या क्रेटवर बसून ऐकत होता.
चौथ्या तुकड्यापर्यंत बोलला नाही, मग म्हणाला,
आमचं गानं कुठी हाये यात?
म्हटलं, हेच.
हे? ही तं माही काठी पडेल हाये.
हो.
साऱ्या जल्मात एक डाव पडली, अन् तू...
बोटांवर मोजायला लागला, सोडून दिलं.
मी हेडफोन गुंडाळायला घेतले.

लाव परत, म्हणाला.
स्पीकरवर लाव.

पॅकिंगच्या दोन बत्त्या उचलल्या त्याने.
क्रेटवर, अगदी हळू, माझ्या वडिलांनी सांगितलं असावं तसं,
माझ्या चौसष्टांच्या मागे मागे चालू लागला.
काठी पडायची जागा आली की थांबायचा,
तिला पडू द्यायचा, घरंगळू द्यायचा,
आणि मग तो ठोका द्यायचा
जो त्या रविवारी राहून गेला होता.
सव्वीस वर्षं मला तो ऐकू आला नव्हता
आणि चार महिने मी फक्त तेवढंच ऐकत होते.

एकेचाळिसाव्या खेपेला
त्याच्या हातची बत्ती सटकली.
प्लास्टिकवर तिचा आवाज वेगळाच, बोथट.
घड उतरवणारा पोरगा फिस्सकन हसला.
स्पीकरमध्ये सलदार हसतच होता.

टेप केलं का हे?
हो.
पुसून टाक.
मी फोन काढला. त्याने खाली वाकून बत्ती शोधली,
घडांच्या मागे गेली होती, हात घालून काढली, पुसली.
नाही तं राहू दे, म्हणाला.
पन एकच डाव.
अन् दार लाव आधी, थंडी चालली सारी.