त्रेचाळीस ठिपके

पट्टीवर त्रेचाळीस जागा.
आहे तिथे काळा ठिपका, नाही तिथे कोरं.
क्षयाच्या जंतूचं नाव-गाव एवढंच.

माझे वडील साखर पेठेत
जकार्डचे पुठ्ठे टोचायचे.
भोक, भोक, कोरं, भोक,
त्यातून मोराची मान वळायची.
ही पट्टी मला कुणी शिकवावी लागली नाही.

आज दोन नमुने सारखे निघाले.
विडी घरकुलातली यल्लव्वा गड्डम, वय एक्कावन्न.
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातला मुख्तार, चोवीस.
चौथ्यापासून चार कोऱ्या,
तेविसाव्यापासून बारा,
दोघांच्याही.
फॉर्मवर दोघांनी लिहिलंय: ओळख नाही.

मॅडम म्हणाल्या, साखळी सापडली.

रात्री दोन्ही कागद वडिलांपुढे ठेवले, नावं झाकून.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला.
डिझाईन एक म्हणजे माग एक,
असं कुठं असतं गं?
हा मोर अख्ख्या पेठेत निघायचा.
चादर उलटी करून बघ,
गाठ कुणाची, ते मागं दिसतं.

सकाळी अहवालातला 'साखळी' शब्द
पेन्सिलीनं खोडला.
सगळं सूत उसवून वाचायला
नमुने पुण्याला गेले. महिना तरी लागेल.

तोवर गोळ्यांसाठी दोघं येतात,
केंद्रावर बाक एकच.
काल यल्लव्वानं शेजारची पिशवी उचलून
मांडीवर घेतली.
मुख्तार बसला.