झाकण लावून काढलेला फोटो

वाल्दिव्हियात संध्याकाळी नदी काळी होते
आणि मासळीबाजारामागे समुद्रसिंह
कापून टाकलेल्या डोक्यांसाठी भांडत बसतात.
आमच्या अंधाऱ्या खोलीत ते पोचत नाही.
तिथे फक्त पंख्याची घरघर.

ओयार्सूनने सान्तियागोहून तीन कॅमेरे आणले,
पंधरा दिवसांच्या बोलीवर.
प्रत्येकाच्या कागदावर एक टक्केवारी ठळक:
ब्याऐंशी. नव्वद. पंच्याण्णव.
प्रकाशाचे शंभर कण आले तर किती हाती लागतात, त्याचा हिशोब.
उरलेल्या पाचांचं काय, मी विचारलं.
म्हणाला, ते आजवर कुणी मागितले नाहीत.

डॉक्टर बारियेंतोसना बघायचीय एक पेशी,
शिंपल्याच्या अळीतली,
जिच्या पोटात हिरवं काहीतरी मिणमिणतं,
दर चाळीस मिनिटांनी.
तसं भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलंय,
खाली तिसरं नाव माझं.
दिवा वाढवला की ती छान दिसते
आणि दुसऱ्या तासाला मरते.
गेल्या हिवाळ्यात मी अशा एकशे अकरा मारल्या.
वहीत आहेत, तारखेसकट.
म्हणून तर नवा कॅमेरा:
इतक्या कमी उजेडात बघायचं
की तिला कळूही नये कुणी बघतंय.

पहिला जुन्या घराण्यातला.
एका इलेक्ट्रॉनाचे तीनशे करतो.
राईचा पर्वत,
आणि पर्वत दर खेपेला वेगळ्या उंचीचा.
किंमत ऐकून नायादेत मटकन खुर्चीत बसली.
दुसऱ्याचे पिक्सेल बारीक,
आमच्या भिंगाला नको तेवढे बारीक.
एक घोट चार वाट्यांत ओतला
की कुणाचाच घसा ओला होत नाही.
तिसऱ्याला पंखाच नाही. पाण्याने गार राहतो,
नळ्या लावलेल्या आजाऱ्यासारखा.

शुक्रवारी सगळे गेल्यावर
मी तिघांना झाकणं लावली.
वरून काळं कापड, कापडावर माझा कोट.
सांगा, म्हटलं, काय दिसतंय?
पहिल्याने गारांचा पाऊस पाडला.
दुसऱ्याचा उजवा कोपरा तांबूस, स्वतःच्याच तापाने.
तिसरा गप्प.
वरच्या ओळीत एकच पिक्सेल हट्टाने पेटलेला,
हसताना दिसणाऱ्या सोन्याच्या दातासारखा.
तेवढं चालतं. त्याची जागा लिहून घेतली.

मग त्याचं झाकण काढलं,
भिंगाखाली रिकामी काच ठेवली, थेंबभर पाणी, पेशी नाही,
आणि डबा उघडून भाकरी खाल्ली.

चाळिसाव्या मिनिटाला
काच उजळली.
फार नाही. दर पिक्सेलमागे तीन इलेक्ट्रॉन.
पण या कडेपासून त्या कडेपर्यंत, सारखी,
जिथे कुणी राहत नाही तिथेही.
आणि दाराबाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला.
"अजून इथेच, एदेल्मिरा?"
दोन एलेउतेरिओ, पहारेकरी.
त्यांची फेरी चाळीस मिनिटांची.
पाऊल पडलं की बाहेरचा दिवा आपोआप लागतो,
दाराखाली बोटभर फट.
जुन्या कॅमेऱ्याच्या गोंगाटात
ती फट आम्हाला पेशीच्या पोटात दिसली होती.

मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला.
ते म्हणाले, हात थरथरतोय तुझा.
म्हटलं, गारठा आहे.
अकरा वर्षं हा माणूस वेळेवर चालतोय,
त्याला काय सांगायचं?

नंतर फटीला चिकटपट्टी लावली, दोन थर.
पहाटेपर्यंत रिकाम्या काचेचे फोटो काढले.
सगळे काळे. दात तेवढा जागेवर.

सोमवारी डॉक्टरांना आधी ते सांगितलं,
कोणता घ्यायचा ते नंतर.
त्या बराच वेळ पोस्टरसमोर उभ्या राहिल्या.
मग चारही टाचण्या काढल्या, तळहातावर ठेवल्या,
आणि विचारलं,
त्याच्या नळ्यांतून पाणी गळणार नाही ना?